पटकीचं उत्तर १८३१ सालीच सापडलं होतं. ते शोधणारा डॉक्टर मात्र 'तारवाला' म्हणून लक्षात राहिला

जुलै २०२२. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत अचानक ढाळ-उलट्यांचे रुग्ण वाढायला लागले. गावकरी ज्या विहिरीचं पाणी पीत होते ते दूषित झालं होतं. तपासणीत निघालं की हा कॉलरा आहे. जुन्या लोकांच्या भाषेत पटकी, मेळघाटात हैजा. काही जणांचा जीव गेला. पण आजारी पडलेल्यांपैकी बहुतेक जण वाचले, कारण त्यांना वेळेत ओआरएस मिळालं आणि गरज होती त्यांना सलाईन लागली.

'सलाईन लावली' हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्या बाटलीत नेमकं काय असतं, ते शिरेतून का द्यायचं आणि हे पहिल्यांदा सुचलं कुणाला, असे प्रश्न पडतच नाहीत. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर २२ वर्षांच्या एका आयरिश डॉक्टरपाशी जाऊन थांबतं. त्याचं नाव विल्यम ब्रुक ओशॉनेसी.

भारतात हा माणूस ओळखला जातो तो वेगळ्याच कामासाठी. आपल्या देशात तारायंत्राचं जाळं उभारलं ते त्याने. गांजाचा औषधी उपयोग पाश्चात्त्य डॉक्टरांना शिकवला तोही त्यानेच. पण या सगळ्याआधी, भारतात पाऊल ठेवण्याच्याही आधी, त्याने पटकीच्या रुग्णाच्या रक्तात काय बिघडतं हे मोजून दाखवलं होतं. ते उत्तर बरोबर होतं. तरीही ते वापरात यायला पाऊण शतकाहून जास्त काळ गेला, आणि त्या काळात माणसं मरत राहिली. वऱ्हाडातही.

पदवी होती, पण लंडनमध्ये परवानगी नव्हती

ओशॉनेसीचा जन्म ऑक्टोबर १८०९ मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात झाला. वैद्यकीय शिक्षण त्याने स्कॉटलंडच्या एडिंबरा विद्यापीठात घेतलं आणि १८२९ मध्ये, म्हणजे विशी गाठता गाठता, तो डॉक्टर झाला. त्याला औषधांपेक्षा रसायनशास्त्राची गोडी जास्त होती.

१८३० च्या सुमारास तो लंडनला आला. तिथे त्याची अडचण झाली. लंडन शहरात वैद्यकी करायची तर तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा परवाना लागायचा. बाहेरून शिकून आलेल्या तरुणांना तो मिळवणं सोपं नव्हतं. ओशॉनेसीलाही तो मिळाला नाही. हातात पदवी, पण रुग्ण तपासायचा अधिकार नाही.

मग त्याने प्रयोगशाळा थाटली. डॉक्टर, न्यायालयं आणि रुग्णालयांसाठी तो रक्त, विष आणि पदार्थांचं रासायनिक पृथक्करण करून द्यायला लागला. लंडनच्या बाजारात लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत मिठाया त्याने तपासल्या आणि त्यांच्या रंगांत शिसं आणि तांब्यासारखे विषारी घटक असल्याचं 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आणलं. पदार्थ हातात घ्यायचा, त्यात काय आहे ते मोजायचं आणि मगच बोलायचं, ही त्याची पद्धत होती. लवकरच ती कामी आली.

बंगालमधून निघालेली साथ इंग्लंडच्या बंदरात

१८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोर भागात पटकीची मोठी साथ सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १८१८ मध्ये, ती नागपूर आणि दख्खनमार्गे मुंबईपर्यंत येऊन धडकली. तो इंग्रज-मराठा युद्धाचा काळ होता, फौजा इकडून तिकडे फिरत होत्या आणि त्यांच्यासोबत आजारही फिरत होता. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांच्या वेशीवर मरीआईचं ठाणं दिसतं. मरी म्हणजे पटकीसारखी महामारी. ती गावाबाहेरच राहावी म्हणून देवीला साकडं घालायचं, एवढंच तेव्हा लोकांच्या हातात होतं.

त्यानंतरची दुसरी लाट रशियामार्गे युरोपात पसरली आणि १८३१ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या संडरलँड बंदरात पोहोचली. पुढच्या वर्षभरात ब्रिटनमध्ये ३० हजारांहून अधिक माणसं मेली.

तिथल्या डॉक्टरांकडे उपाय काय होते? रक्त काढायचं, पाऱ्याचं औषध द्यायचं, अफू द्यायची. यातला रक्त काढण्याचा उपाय तर सगळ्यात घातक होता. आधीच शरीरातलं पाणी निघून गेलेल्या माणसाचं उरलंसुरलं रक्तही काढून घ्यायचं. गंमत म्हणजे पुष्कळदा ते निघायचंच नाही. शीर कापली तरी डांबरासारखं काळं, घट्ट रक्त थेंबाथेंबाने यायचं. डॉक्टर हे रोज बघत होते, पण हे असं का होतं याचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

संडरलँडमध्ये मांडलेला जमाखर्च

डिसेंबर १८३१ मध्ये ओशॉनेसी स्वतः संडरलँडला गेला. त्याने पटकीच्या रुग्णांचं रक्त घेतलं, त्यांच्या विष्ठेचे नमुने घेतले आणि दोन्हींचं पृथक्करण केलं. महिनाअखेरीस त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'कडे गेले. पुढे १८३२ मध्ये सरकारच्या आरोग्य मंडळासाठी त्याने सविस्तर अहवालही लिहिला.

त्याला आढळलं ते असं.

एक, रक्तातलं पाणी मोठ्या प्रमाणात कमी झालेलं होतं. म्हणून रक्त घट्ट झालं होतं.

दोन, रक्तातले क्षार, म्हणजे मुख्यतः मीठ, बरेच घटले होते.

तीन, निरोगी माणसाच्या रक्तात असणारा अल्कली, म्हणजे सोड्याच्या जातीचा आम्लविरोधी घटक, गंभीर रुग्णांच्या रक्तात जवळपास नाहीसा झाला होता.

चार, ज्यांची लघवी बंद झाली होती त्यांच्या रक्तात युरिया साठला होता. म्हणजे मूत्रपिंडांनी काम थांबवलं होतं.

आणि पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. रक्तातून जे गेलं होतं, पाणी, मीठ आणि अल्कली, तेच सगळं रुग्णाच्या विष्ठेत सापडत होतं.

कोणत्याही दुकानदाराला कळेल असा हा जमाखर्च होता. एका खात्यातून जे निघालं ते दुसऱ्या खात्यात दिसतंय. मग जे निघालं ते परत भरा. ओशॉनेसीने सुचवलेला उपायही तितकाच सरळ होता. रक्ताचा पातळपणा पूर्वीसारखा करायचा आणि कमी पडलेले क्षार परत द्यायचे. जमलं तर पोटातून, आणि रुग्ण शेवटच्या टप्प्यात असेल तर थेट शिरेतून.

आज घरात ओआरएस आणि दवाखान्यात सलाईन, असे दोन मार्ग आपण वापरतो. दोन्हींचा विचार त्याने १८३१ मध्येच मांडला होता.

आजच्या भाषेत सांगायचं तर

हे समजून घ्यायला दोन शब्द लागतात. शॉक आणि ॲसिडोसिस.

मराठीत शॉक म्हटलं की विजेचा झटका किंवा वाईट बातमीचा धक्का आठवतो. आयसीयूमधल्या डॉक्टरांसाठी शॉक म्हणजे शरीराच्या पेशींपर्यंत पुरेसं रक्त आणि प्राणवायू न पोहोचणं. कारणं वेगवेगळी असतात. अपघातात रक्त वाहून जातं, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो, हृदय कमजोर पडतं. पटकीत पाणी निघून जातं. गंभीर पटकीत मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकतं. नळीतलं पाणी संपलं की पंप चालू असूनही शेतात थेंब पोहोचत नाही, तसं होतं. नाडी लागत नाही, हातपाय गार पडतात, डोळे खोल जातात, लघवी बंद होते.

आता ॲसिडोसिस. आपल्या रक्तातलं आम्ल आणि अल्कली यांचं प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. ते मोजायचं माप म्हणजे पीएच. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. तो खाली गेला की रक्तातलं आम्ल वाढलं असं समजायचं. याला म्हणतात ॲसिडोसिस.

पटकीत हे दोन बाजूंनी होतं. पातळ जुलाबांतून बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातला मुख्य अल्कली, वाहून जातो. खायचा सोडा असतो ना, त्यातलाच हा घटक. दुसरीकडे शॉकमुळे पेशींना प्राणवायू कमी पडतो, त्या प्राणवायूविना काम रेटतात आणि त्यातून लॅक्टिक ॲसिड तयार होतं. आम्ल बाहेर टाकणारी मूत्रपिंडंही बंद पडलेली असतात. शरीराकडे मग एकच मार्ग उरतो, जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने आम्ल बाहेर फेकायचं. म्हणून असा रुग्ण धाप लागल्यासारखा खोल श्वास घेताना दिसतो. त्याची फुफ्फुसं ठणठणीत असली तरी.

पीएच हे माप जन्माला आलं १९०९ मध्ये. ओशॉनेसीकडे ते नव्हतं. ॲसिडोसिस हा शब्दही तेव्हा वैद्यकात नव्हता. तरी रक्तातला अल्कली गेला आहे आणि तो परत दिला पाहिजे, हे त्याने पृथक्करणावरून ओळखलं. म्हणूनच आम्ल-अल्कलीचा बिघाड आणि शॉक यांच्या संशोधनाचा इतिहास सांगताना सुरुवात त्याच्यापासून करावी लागते.

एडिंबराजवळची ती म्हातारी

ओशॉनेसीने उपाय सांगितला, पण स्वतः तो रुग्णांवर करून पाहिला नाही. ते केलं थॉमस लॅटा या डॉक्टरने, एडिंबराजवळच्या लीथ बंदरात, मे १८३२ मध्ये.

लॅटाची पहिली रुग्ण एक वृद्ध स्त्री होती. सगळे उपाय करून झाले होते आणि ती शेवटच्या घटका मोजत होती. लॅटाने तिच्या हाताच्या शिरेत नळी घातली आणि मीठ व सोडा विरघळवलेलं कोमट पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. आधी काहीच फरक दिसला नाही. मग श्वास सुधारला, गेलेली नाडी परत लागली, चेहऱ्यावर रंग आला. अर्ध्या तासात सुमारे सहा पाइंट, म्हणजे जवळपास साडेतीन लिटर पाणी तिच्या शरीरात गेलं होतं. ती बोलायला लागली, आता फक्त झोप हवी असं म्हणाली. लॅटाने तिला रुग्णालयातल्या सहकाऱ्यावर सोपवलं आणि तो निघाला.

थोड्या वेळाने जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या. शिरेतून पाणी मात्र पुन्हा दिलं गेलं नाही. साडेपाच तासांत ती गेली.

चूक उपायात नव्हती, तो मध्येच थांबण्यात होती. जोवर पाणी बाहेर जातंय तोवर ते आत भरत राहावं लागतं, हे लॅटाच्या लक्षात आलं आणि पुढचे काही रुग्ण त्याने वाचवले. त्याच्या द्रावणात मीठ होतं आणि सोडाही होता. म्हणजे पाणी, क्षार आणि अल्कली, ओशॉनेसीने दाखवलेल्या तिन्ही तुटी तो भरून काढत होता.

मग हे सगळं विस्मरणात का गेलं?

याला एक नाही, अनेक कारणं आहेत.

जंतू हा प्रकारच तेव्हा माहीत नव्हता. शिरेत सोडलेलं पाणी निर्जंतुक नसायचं. साथीतून वाचलेला रुग्ण संसर्गाने जाण्याचा धोका होता. द्रावणातलं मिठाचं प्रमाण रक्तापेक्षा कमी असायचं, त्यामुळे रक्तपेशी फुटू शकत होत्या. शिरेत हवा गेली तर आणखी घात.

दुसरं, हा उपाय फक्त मरणाच्या दारात असलेल्यांवर व्हायचा. त्यातले बरेच जण मरायचेच. मग डॉक्टर म्हणायचे की उपायच निरुपयोगी आहे.

तिसरं, साथ ओसरली आणि लोकांचा रसही ओसरला. लॅटा १८३३ मध्ये मरण पावला. त्याच्यामागे हे काम चालवायला कुणी उरलं नाही.

आणि चौथं कारण खुद्द ओशॉनेसीचं. ज्या माणसाला उत्तर माहीत होतं, तो त्या विषयातून बाहेर पडला. १८३३ मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीत सहायक सर्जनची नोकरी धरली आणि तो कलकत्त्याला निघाला.

पटकीच्या माहेरी, पण वेगळ्या कामाला

योगायोग बघा. ज्या बंगालमधून साथ निघाली होती तिथेच तो आला. पण आल्यावर दुसऱ्याच गोष्टींत गुंतला.

१८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि ओशॉनेसी तिथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. भारतीय मुलांना आधुनिक वैद्यक शिकवणाऱ्या सुरुवातीच्या संस्थांपैकी ही एक. तिथे त्याने इथल्या औषधी वनस्पतींचा अभ्यास सुरू केला. वैद्य आणि हकीम गांजा कशासाठी वापरतात हे त्याने विचारून घेतलं, आधी जनावरांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग केले. संधिवात, धनुर्वात आणि लहान मुलांच्या झटक्यांवर त्याने तो वापरून पाहिला. १८३९ च्या सुमारास ही माहिती त्याने प्रसिद्ध केली आणि तिथून गांजा युरोपच्या औषधशाळेत गेला. पटकीच्या रुग्णांवरही त्याने गांजा वापरून पाहिला. मीठ, पाणी आणि सोड्याचा स्वतःचा हिशेब मात्र कलकत्त्याच्या वॉर्डात उभा राहिला नाही.

त्याच वर्षी, १८३९ मध्ये, त्याने कलकत्त्याजवळ मैलोन्‌मैल तार टाकून विजेने संदेश पाठवण्याचे प्रयोग केले. तार बांबूंवर ताणली, हुगळीच्या पाण्याखालूनही नेली. तेव्हा कंपनी सरकारने फारसं लक्ष दिलं नाही. तो इंग्लंडला गेला, १८४३ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि परत आला.

मग लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल झाला आणि चित्र पालटलं. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारेची लाइन चालू झाली. इथली माकडं, पक्षी आणि वादळं यांना टिकावी म्हणून ओशॉनेसीने बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली होती. मार्च १८५४ मध्ये कलकत्त्याहून आग्र्याला, सुमारे ८०० मैलांवर, संदेश गेला. पाठोपाठ इंदूरमार्गे मुंबई जोडली गेली, मद्रासही जोडलं गेलं. फेब्रुवारी १८५५ मध्ये तार सामान्य लोकांसाठी खुली झाली. १८५६ मध्ये त्याला सर हा किताब मिळाला. १८५७ च्या उठावात तारेने इंग्रजांच्या बाजूने किती मोठी कामगिरी बजावली हे इतिहासाच्या पुस्तकांत आहेच.

१८६० च्या सुमारास तो भारत सोडून गेला. १८६१ मध्ये त्याने आडनाव बदलून ब्रुक केलं. ८ जानेवारी १८८९ रोजी इंग्लंडमधल्या साउथसी इथे तो वारला.

दरम्यान वऱ्हाडात

तारेचं काम देशभर सुरू झालं तेच १८५३ साल वऱ्हाडसाठीही महत्त्वाचं आहे. त्या वर्षीच्या तहाने निजामाकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली आणि अकोला, बडनेरा नकाशावर आले. अकोला, अमरावती, खामगावचा कापूस मुंबईमार्गे थेट इंग्लंडच्या गिरण्यांत जायला लागला. परदेशातला कापसाचा भाव तारेने इकडे कळायला लागला.

भाव तारेने आला, कापूस रेल्वेने गेला. पटकीवरचं उत्तर मात्र आलं नाही.

१८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला. जुने लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणायचे, कारण विक्रम संवताचं ते १९५६ वं वर्ष होतं. पाऊस नाही, पीक नाही. लोक गाव सोडून दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांत गोळा झाले. विहिरी आटल्या आणि जे पाणी उरलं ते सगळ्यांचं एकच. भुकेसोबत पटकीनेही वऱ्हाडातली माणसं नेली. अशक्त शरीर, दूषित पाणी आणि गर्दी, तिन्ही एकत्र आलं.

त्या वेळी ओशॉनेसीचा अहवाल छापून ६८ वर्षं झाली होती. ज्याने तो लिहिला तो माणूस या देशात पंचवीसेक वर्षं राहून गेला होता. मीठ, पाणी आणि सोडा या तिन्ही गोष्टी प्रत्येक बाजारात मिळत होत्या. कमी होती ती हे ज्ञान, ते वापरायची स्वच्छ पद्धत आणि रुग्णापर्यंत पोहोचणारा माणूस या साखळीची.

उत्तर परत आलं ते कलकत्त्यातूनच

ही साखळी जोडायला सुरुवात झाली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. कलकत्ता मेडिकल कॉलेजात, जिथे एकेकाळी ओशॉनेसी रसायनशास्त्र शिकवत होता तिथेच, लिओनार्ड रॉजर्स हा डॉक्टर पटकीवर काम करत होता. त्याने नेहमीपेक्षा जास्त मिठाचं निर्जंतुक द्रावण शिरेतून द्यायला सुरुवात केली. आधी तिथे पटकीच्या १०० पैकी साधारण ६० रुग्ण दगावत. रॉजर्सच्या पद्धतीने हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं.

तरीही काही रुग्ण नाडी परत येऊनसुद्धा एक-दोन दिवसांनी जात. लघवी सुरू व्हायची नाही, श्वास खोल होत जायचा. १९१० मध्ये मनिला इथे काम करणाऱ्या अँड्र्यू सेलर्ड्सने दाखवलं की पटकीच्या रुग्णाला निरोगी माणसापेक्षा कितीतरी जास्त सोडा द्यावा लागतो, म्हणजेच त्याच्या रक्तात अल्कलीची मोठी तूट असते. मग रॉजर्सनेही द्रावणात बायकार्बोनेट वापरायला सुरुवात केली आणि मृत्यू आणखी घटले. १८३१ च्या जमाखर्चातला तिसरा आकडा असा ८० वर्षांनी भरला गेला.

राहिला तो पोटातून द्यायचा मार्ग. १९६० च्या दशकात संशोधकांना कळलं की पटकीतही आतडं साखर शोषून घेतं आणि साखरेसोबत मीठ व पाणीही आत ओढलं जातं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचं मिश्रण पिंपांतून वाटलं. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजत होते. छावणीतल्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आपल्या घरातली ओआरएसची पुडी ती हीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटर पाण्यासाठी तिच्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. हे शेवटचं कशाला? शरीर त्याचं बायकार्बोनेट बनवतं. म्हणजे अल्कलीची तूट भरायला. पूर्वी पुडीत थेट खायचा सोडाच असायचा, पण सायट्रेट जास्त टिकतं म्हणून ते आलं.

अकोल्याच्या आयसीयूत आज काय होतं?

आज अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये अत्यवस्थ रुग्ण आला की डॉक्टरांना एक तपासणी हमखास हवी असते. एबीजी, म्हणजे धमनीतलं थोडं रक्त घेऊन त्याचा पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट मोजायचं. सोबत लॅक्टेट. यावरून शॉक किती खोल आहे, तूट कशाची आहे आणि उपचार लागू पडतोय की नाही ते कळतं. ओशॉनेसीला ज्या पृथक्करणासाठी संडरलँडला जावं लागलं, ते यंत्र आता काही मिनिटांत करून देतं.

वाद मात्र संपलेला नाही. साध्या सलाईनमध्ये मीठ असतं, अल्कली नसतो. ती भरपूर दिली तर त्यातल्या क्लोराइडमुळे रक्त थोडं आम्लाकडे झुकतं. रिंगर लॅक्टेटसारख्या द्रावणातल्या लॅक्टेटपासून यकृत बायकार्बोनेट बनवतं, म्हणून पटकीत ते जास्त योग्य मानलं जातं. पण आयसीयूतल्या सगळ्याच रुग्णांसाठी कोणतं चांगलं? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात संतुलित द्रावणांना थोडं झुकतं माप मिळालं. २०२२ मधल्या प्लस या अभ्यासात मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. शिरेतून थेट सोडा देण्याबद्दलही असंच आहे. २०१८ च्या एका फ्रेंच अभ्यासात तीव्र ॲसिडोसिसच्या सगळ्या रुग्णांना मिळून फायदा दिसला नाही, पण ज्यांची मूत्रपिंडं बिघडली होती त्यांना दिसला. थोडक्यात, आकडा दुरुस्त केला म्हणजे रुग्ण बरा झाला असं नसतं. आम्ल का वाढलं ते शोधून मूळ कारण हटवावं लागतं. पटकीत जे गेलं ते भरलं की काम होतं. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये तेवढ्याने भागत नाही.

पुडी लिटरभर पाण्यातच का विरघळवायची?

ओशॉनेसीच्या हिशेबाचा रोजच्या उपयोगाचा भाग एवढाच आहे की जे जातंय ते लगेच आणि त्याच प्रमाणात परत भरायचं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवायची, अर्धी-पाऊण पेल्यात नाही. पाणी कमी पडलं तर द्रावण जास्त खारं होतं आणि उलटा त्रास होतो. उलटी झाली तरी दहाएक मिनिटं थांबून घोट घोट देत राहायचं. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, बंद झालेली लघवी, खोल आणि जोरात चाललेला श्वास, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर घरी न थांबता दवाखाना गाठायचा. तिथे जाईपर्यंतही पाजणं थांबवायचं नाही. लीथमधली ती म्हातारी हे थांबल्यामुळेच गेली होती.

मेळघाटात २०२२ मध्ये ज्यांना हे वेळेत मिळालं ते घरी परतले. त्या गावांत पुडी पोहोचायला पक्का रस्ता लागतो, पावसाळ्यात चालू राहणारा फोन लागतो आणि दारापर्यंत जाणारी आशा ताई लागते. आणि पुडीची वेळच येऊ नये यासाठी नळाला स्वच्छ पाणी लागतं.